सहावं पाकीट

"बाई, मी नाही वाचत."

सहावं पाकीट तिच्या हातात होतं. आतला पिवळट कागद तिने अर्धा बाहेर काढला होता, पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या होत्या, आणि आता तो पुन्हा आत सरकवायची तिची धडपड चालली होती. घाईत कागदाचा कोपरा दुमडला.

"अगं, हे शेवटचं पाकीट वाचायला मिळावं म्हणून बाकीचे रुसून बसतात," मी म्हटलं. "आणि तुझ्या पाळीला आयतं आलंय तर नको म्हणतेस?"

"नको, बाई."

वर्गात खुसखुस सुरू झाली. खिडकीजवळून एक मुलगा उभा राहिला. कुठल्याही गोष्टीत कुणाची ना कुणाची बाजू मांडायची त्याला सवय, म्हणून त्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. मीसुद्धा.

"बाई, मी सांगतो. तो घंटेवाला तिचा पणजोबा आहे. म्हणूनच तर तिला घंटी म्हणतात."

घंटी. वर्ष सुरू झाल्यापासून मीही तिला घंटीच म्हणत होते. ती इतकं कमी बोलायची की मुलांनी गंमत म्हणून उलटं नाव ठेवलं असेल, लठ्ठ मुलाला काडी म्हणतात तसं, असं मी धरून चालले होते. हजेरी घेताना लाडाने विचारायचे, "काय घंटी, आज वाजणार की नाही?" वर्ग हसायचा. ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजते.

"बस खाली," मी तिला म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला अजून नवल वाटतं. "वकीलसाहेब, तुम्ही वाचा."

त्याने कागद सरळ केला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं. "'पहाटे साडेतीन. पाणी लाल खुणेच्या वर. खालून तीन हाका मारल्या. वरून उत्तर नाही. जिना चढून पाहतो तो घंटेवाला भिंतीला टेकून गाढ झोपेत. दोर त्याच्या हाताशीच.'"

"मग, कोण चुकलं?" हा प्रश्न मी विचारायचा असतो. खेळ तिथे संपतो.

"घंटेवाला," सगळे एका सुरात म्हणाले.

आणि मी पेटीतली छोटी पितळी घंटा वाजवली. अकरा वर्षं वाजवत आले होते, हात आपोआप गेला. ती तेव्हा बाकाखाली वाकून आपलं खोडरबर शोधत होती. खोडरबर तिच्या मुठीतच होतं, मला इथून दिसत होतं.

पेटी म्हणजे पत्र्याची एक हिरवी ट्रंक. राज्याच्या इतिहासाच्या पुस्तकात आमचं गाव नाही. आमच्या नदीचं नाव एका धड्यात एकदा येतं, तेही कंसात. मुलं त्या धड्याला जांभया द्यायची आणि मला त्यांचा राग यायचा नाही, कारण मलाही जांभई यायची. मग मी दोन वर्षं सुटीच्या दिवशी घरोघरी हिंडले. जुन्या नावेचं तिकीट मिळालं, पाण्याची उंची मोजायची रंगीत पट्टी मिळाली, गावचा जुना नकाशा मी कापडावर उतरवून घेतला. आणि बावन्न वर्षांपूर्वीच्या पुरावर एक खेळ तयार केला. त्या पहाटे नदीकाठच्या मनोऱ्यावरची इशाऱ्याची घंटा वाजली नव्हती, आणि नऊ माणसं झोपेतच गेली. पाच पाकिटांत पाच माणसं होती: नावाडी, पोस्टमास्तर, गिरणीवाला, सुईण आणि पुलावरचा कारकून. प्रत्येकाने त्या पहाटे काय पाहिलं ते त्याच्या पाकिटात. मुलांनी वाचायचं, नकाशावर बोट ठेवायचं, भांडायचं, आणि शोधून काढायचं की कुणाचं चुकलं.

ती पाचही पाकिटं खरी आहेत. त्या माणसांच्या तोंडून किंवा त्यांच्या मुलांच्या तोंडून मी ती लिहून घेतली. सहाव्यासाठी मी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गेले, तर तिथे एवढंच होतं: घंटा वाजली नाही. कारण समजले नाही.

मी तेच पाकिटात घालून खेळ पहिल्यांदा वर्गात घेतला. शेवटी मुलं माझ्याकडे बघतच राहिली. एक म्हणाला, "असं कसं, बाई? मग आम्ही जिंकलो की हरलो?"

तो गुरुवार होता आणि शनिवारी शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन. घंटेवाला कधीच वारला होता. त्याची मुलगी पुलापलीकडे राहते, असं सुईणीने मला सांगितलं होतं. पुलापलीकडे जायला दहा मिनिटं लागतात. मी गेले नाही. घरी बसून चार ओळी जुळवल्या. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं की बघत राहावं. ह्यांनी टाक काढला, शाई पातळ केली आणि जुन्या वळणाचं, जरा उजवीकडे कललेलं अक्षर काढलं. मी पातेलंभर कोरा चहा उकळला. त्यात कागद बुडवून वाळवला, इस्त्री केली. हे म्हणाले, एखादा कोपरा जळका हवा. तो मी देवाजवळच्या दिव्यावर धरला.

प्रदर्शनात पहिला नंबर आला. मग आसपासच्या शाळांनी पेटी मागून नेली, नक्कल करून घेतली. तो कागद खरा आहे, असं मी कुठे लिहिलं नाही. खोटा आहे, असंही लिहिलं नाही.

मी रोज सकाळी तासभर मौन पाळते. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून. त्यांना मी एकदा फार टाकून बोलले होते, त्याचं ते प्रायश्चित्त. त्या तासात दिवा लावायचा, चार पानं वाचायची आणि तोंड बंद ठेवायचं. वर्गातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तास संपला तरी मी बोलेना, तेव्हा हे म्हणाले, "आज घड्याळ बंद पडलंय का तुझं?"

शाळेत पोचले तर शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या. साठीच्या असाव्यात. छातीशी कापडाला दोन सुया टोचलेल्या, बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, मांडीवर पिशवी.

"तुम्ही घंटी म्हणता ना, तिची मी आजी," त्या म्हणाल्या.

"या, आत या. काल जे झालं ना, त्याबद्दल मी…"

"पोरीचं मनावर घेऊ नका. वाचायला हवं होतं तिने. पाळी म्हणजे पाळी." त्या उठल्या नाहीत. "माझं दुसरंच काम होतं. मला तो कागद बघायला मिळेल का, बाई?"

"कागद?"

"बाबांचा. आठ वर्षांपूर्वी भावाचा मुलगा तुमच्या वर्गात होता, तेव्हापासून ऐकतेय कागद आहे, कागद आहे. एकदा डोळ्यांनी बघावा म्हटलं."

भावाचा मुलगा मला आठवला. त्याला वर्गात झोप्या म्हणायचे. तो खरोखरच पेंगायचा, असं मी स्वतःला त्या क्षणी पटवून द्यायला लागले, आणि आठवलं की तो कधीच पेंगत नव्हता.

मी पेटी उघडून पाकीट आणलं. त्यांनी पिशवीतून एक फडकं काढून आधी हात पुसले, मग कागद दोन्ही कडांनी धरला. एकेका ओळीखालून बोट सरकलं, पण कागदाला लागलं नाही.

"कुणाचं अक्षर हे?"

"तेव्हाच्या पहारेकऱ्याचं," मी म्हटलं.

पहिलं खोटं निदान मी कागदावर ठेवून दिलं होतं. हे तोंडाने बोलले. मौन सोडून तास-दीड तास झाला असेल.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश लिहिणारा माणूस असणार. असा माणूस उगीच काहीतरी लिहायचा नाही."

त्या कागदाकडेच बघत पुढे बोलत राहिल्या, शिवता शिवता बोलावं तशा.

"आई वेगळंच सांगायची. म्हणायची, दोर कुजलेला होता, पहिल्याच हिसक्याला तुटला. मग हे वर चढून एवढी मोठी घंटा हाताने ढकलायला गेले, हाताची सालटी निघाली, तोवर जिन्यात पाणी. मी नऊ वर्षांची होते. बाबा स्वतः मरेपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. गावाची दहा तोंडं. कुणी म्हणे प्यायला होता, कुणी म्हणे पळाला, कुणी म्हणे दोर. पण त्या दहांत एक तरी तोंड आमच्या बाजूचं असायचं." त्या जराशा हसल्या. "मग तुमचा कागद निघाला. बरंच झालं म्हणा. एकदाचं कळलं. आईशी मात्र मी शेवटची दोन वर्षं धड बोलले नाही. म्हटलं, जन्मभर पोरांना खोटं सांगितलंस. ती म्हणायची, कागदाला काय कळतंय, मी त्यांचे हात बघितलेत. मी म्हणायचे, बास, आई."

"त्या आहेत अजून?"

"सहा वर्षं झाली जाऊन."

बाहेर कुणीतरी पहिली घंटा दिली. मुलं पळत वर्गात निघाली.

"याची झेरॉक्स मिळेल का?" त्यांनी विचारलं. "भावाला धाडायचीय. तो आता परगावी असतो, आणि अजून दोराचंच धरून बसलाय. त्यालाही कळू दे."

आणि मी कचेरीत जाऊन झेरॉक्स काढून आणली. सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं. यंत्राखालून उजेडाची पट्टी सरकली, ऊन ऊन कागद बाहेर आला, जळका कोपरा त्यात नीट काळा उमटला होता. त्यांनी तो चौघडी करून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले."

त्या दिवशी मी घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे पायरीवर बसून चहा पीत होते.

"उंदराने खाल्लं म्हणून सांग," हे म्हणाले. "ट्रंकेत उंदीर जातात."

"आणि त्यांच्याकडे आहे ती?"

"ती झेरॉक्सच आहे." मग चहाचा एक घोट घेऊन ह्यांनी विचारलं, "अक्षर सुंदर आहे म्हणाली?"

"हो."

"माझ्या एका पाटीला आजवर कुणी तसं म्हटलं नाही," हे म्हणाले, आणि कप अर्धा तसाच ठेवून आत गेले. नंतर मी पाहिलं, टाकांचा डबा त्यांनी माळ्यावर टाकला होता.

सोमवारी मी हेडसरांच्या खोलीत गेले. सर बोलायच्या मूडमध्ये होते, कारण येत्या गुरुवारी राजधानीतून साहेब येणार होते. पेटी त्यांना पसंत पडली तर राज्यातल्या तीनशे शाळांसाठी तशा तीनशे पेट्या होणार होत्या, ज्या त्या गावाच्या इतिहासाच्या, आणि नमुना आमचा. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सरांनी आधी दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्ही ना, फार देवभोळ्या आहात," ते म्हणाले. "अहो, पोरं इतिहास मागून घेतायत, तासाला दांडी मारत नाहीत. एका कागदाचं काय घेऊन बसलात?"

"तो खोटा आहे, सर."

"आता कुठे खोटा राहिलाय? आमचे वडील सांगतात, घंटेवाल्याला झोपलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."

"तुमचे वडील पुराच्या वेळी गावात होते?"

"नसावेत. बदली पुढच्या वर्षी झाली त्यांची इकडे. पण सांगतात." आणि त्यांना स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण पुढे त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, गुरुवार होऊन जाऊ दे. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

गुरुवार होऊन जाऊ दे. अकरा वर्षांपूर्वी मीही स्वतःला हेच म्हटलं होतं, फक्त वार शनिवार होता.

सोमवार-मंगळवार मी अर्धी अर्धी रजा टाकून दप्तरखान्यात बसले. मला दोर हवा होता. दोराची मागणी, दोराची खरेदी, दुरुस्ती, काहीही. त्या बाईंसमोर जायचं तर हातात काहीतरी घेऊन जावं, म्हणजे मान थोडी वर करता येईल, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथला कारकून कंटाळून म्हणाला, "बाई, जे नाही ते नाही. तुम्ही कितीदा पानं उलटली तरी ते उगवणार आहे का?" ती जुनी ओळ मी पुन्हा एकदा वाचली. घंटा वाजली नाही. कारण समजले नाही. लिहिणाऱ्याला कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं लिहून तो मोकळा झाला होता. त्याला तेवढं जमलं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पूल ओलांडला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दार उघडंच होतं. त्या शिलाई मशीनवर होत्या, बाजूला शाळेच्या गणवेशांचा निळा ढीग. नात उंबऱ्याशी बसून गणितं सोडवत होती. मला बघून ती उठली आणि वही छातीशी धरून आत निघून गेली.

"बसा ना, बाई," आजी म्हणाल्या. "एवढी शिवण संपवते."

"तो कागद मी केलाय," मी म्हटलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

मशीन दोन टाके पुढे गेलं. मग त्यांनी चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"केलाय म्हणजे?"

"मी मजकूर सांगितला, आमच्या ह्यांनी लिहिला. खेळाला शेवट हवा होता म्हणून."

"जुना दिसतो तो?"

"चहात बुडवला."

"आणि कोपरा?"

"दिव्यावर धरला." थांबता आलं असतं, पण मी पुढचंही सांगितलं. "देवाजवळच्या."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. नात ऐकत होती.

"मग बाबांचं काय झालं होतं?"

"माहीत नाही. दप्तरात लिहिलंय, कारण समजले नाही. दोन दिवस शोधलं मी."

"दोराचं काही?"

"नाही."

"झोपेचं?"

"तेही नाही. काहीच नाही."

त्या खिडकीकडे बघत होत्या. "म्हणजे आई म्हणायची तसं असूही शकेल."

"असू शकेल."

"नसूही शकेल."

"हो."

त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. एक पूर्ण शिवण घातली, ती वाकडी गेली, आणि मग ब्लेडने एकेक टाका उसवत बसल्या. मी उभीच होते. मी म्हटलं, मला क्षमा करा. त्यांनी मान वर केली नाही.

"ते नंतर बघू. झेरॉक्स मी सोमवारीच टाकली पोस्टात."

"मी तुमच्या भावाला पत्र लिहिते."

"लिहा. तुमच्या स्वतःच्या अक्षरात लिहा." उसवलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला. "आणि वर्गात सांगाल?"

"उद्याच. साहेब यायचेत, त्यांच्यासमोर."

"मी आले तर चालेल?"

"या."

मी वळले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "बाई, हजेरीपटात माझ्या नातीचं नाव लिहिलेलं असेल ना?"

"आहे."

"ते घेत जा."

गुरुवारी साहेब मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले, शेजारी हेडसर. आजी शेवटच्या बाकावर, गुडघे आखडून. ती बाकं मुलांच्या मापाची. मी हजेरी घेतली. तिच्या ओळीशी आल्यावर जे लिहिलं होतं ते वाचलं. कुणी उत्तर दिलं नाही. माझ्या तोंडून ते नाव येईल असं तिला वाटलंच नसावं. मी पुन्हा वाचलं.

"हजर, बाई," ती म्हणाली, आणि शेजारणीने वळून तिच्याकडे पाहिलं.

खेळ झाला. पाच पाकिटं फुटली, नकाशावर बोटं फिरली, दोघांची मारामारी होता होता राहिली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, हेडसर हसले. मग मी सहावं पाकीट हातात घेतलं आणि म्हटलं, "हे आज मी वाचणार नाही. हे खरं नाही. हे मी घरी तयार केलं होतं."

कसं, ते सगळं सांगितलं. चहा सांगितला, दिवा सांगितला, पुलापलीकडे न गेलेली दहा मिनिटं सांगितली. दप्तरातली ओळ फळ्यावर लिहिली. हेडसर खिडकीबाहेर बघत होते.

"मग आम्ही जिंकलो की हरलो?" कुणीतरी विचारलं. अकरा वर्षांपूर्वीचाच प्रश्न, फक्त मूल वेगळं.

"खेळ अजून संपलेला नाही," मी म्हटलं. "कारण कुणालाच माहीत नाही."

वकीलसाहेब उठले. "पण बाई, माझ्या आजोबांनी स्वतः पाहिलंय घंटेवाल्याला झोपलेलं."

"मग आज त्यांना विचार, ते कुठे उभे होते, किती वाजले होते आणि अंधारात मनोऱ्याच्या वरच्या खोलीतलं त्यांना कसं दिसलं. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून आण. तू काही घालायचं नाहीस."

त्याने तीनही प्रश्न वहीत उतरवून घेतले. मग बसता बसता थांबला. "बाई, आणखी एक. आम्ही खोटं बोललो तर तुम्ही आम्हाला मागे उभं करता."

"करते."

मी खडू ठेवला, बाकांच्या मधून मागे गेले आणि भिंतीशी उभी राहिले, साहेबांच्या खुर्चीजवळ. मुलं माना वळवून बघत होती. कुणी हसलं नाही. घंटेवाल्याच्या पणतीने मात्र वळून पाहिलं नाही. ती फळ्यावरची ओळ वहीत लिहून घेत होती. मला आजींचा पाठमोरा अंबाडा दिसत होता, त्यात अडकलेला एक निळा धागा.

"पुरे, बाई," बऱ्याच वेळाने वकीलसाहेब म्हणाले. "पाचच मिनिटं असतात."

तास संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "तुम्ही सांगितलंत ते चांगलंच केलंत," ते म्हणाले. "पण मला सांगा, बाकीची पाच पाकिटं कुणी चहात बुडवली?"

"ती खरी आहेत, साहेब. मी स्वतः घरोघरी…"

"हेही तुम्हीच म्हणताय ना?" त्यांनी वही मिटली. तीनशे पेट्यांचं पुढे काही ऐकू आलं नाही. हेडसर मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. न बोलण्याचेही प्रकार असतात.

साहेबांना दारापर्यंत पोचवून मी वर्गात परत आले तर तिथे दोघीच होत्या. ट्रंक टेबलावर उघडी होती आणि आजींनी पितळी घंटा हातात घेतली होती. लोलक दोन बोटांत धरून ठेवला होता, आवाज होऊ नये म्हणून. लोलकाला बांधलेला दोर विरून पिंजून गेला होता. अकरा वर्षं मीच तो ओढत होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून जाड दोऱ्याचं रीळ काढलं. तीन पदर घेतले, मेणाच्या तुकड्यावरून ओढले, मांडीवर पीळ दिला. जुना दोर कापून काढला. नवा ओवून गाठ मारली, दातांनी आवळली, त्यावर दुसरी मारली. मग लोलक तसाच घट्ट धरून दोराला दोन हिसके दिले, चांगले जोराचे.

"आजी, वाजवून बघ ना," नात म्हणाली.

"कशाला? टिकेल आता."

घंटा त्यांनी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत पाचही पाकिटांशेजारी ठेवली आणि झाकण हलकेच लावलं. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. नातीने दारातून वळून "जाते, बाई" म्हटलं, आणि दोघी पटांगणातून पुलाच्या दिशेने निघाल्या.

टेबल पुसताना मी तो जुना दोर शोधला, टाकून द्यावा म्हणून. टेबलावर नव्हता, खालीही नव्हता. खिडकीतून पाहिलं तर त्या फाटकाशी थांबल्या होत्या आणि हातातलं काहीतरी जपून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवत होत्या.